पाठदुखी, हाडवैद्य आणि भूल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारहत्नूरच्या शिवारात कापसाच्या वेचणीला प्रारंभ होतो. आदिलाबाद जिल्ह्याच्या या भागात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बांधावर कानी पडतात, आणि तिन्ही भाषांतून त्या दिवसांत एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली. पऱ्हाटीच्या ओळीतून दिवसभर वाकून बोंडे वेचायची, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठवायचा, आणि सायंकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन घर गाठायचे. त्याआधी पावसाळाभर निंदणी झालेली असते. फवारणीचा पंप पाठीवर वागविलेला असतो, आणि भरलेल्या पंपाचे ओझे सहज पंधरा-वीस किलोच्या घरात जाते. अशा श्रमांनी पाठ दुखली तर त्यात नवल ते कोणते?

आपल्या भाषेने या दुखण्याला किती नावे दिली आहेत ते पाहावे. अचानक भरते ती उसण, वाकताना येते ती चमक, ओझे उचलताना बसते ती लचक, आणि ठाण मांडून बसते ते कंबरेचे धरणे. आयुर्वेदाने कंबर जखडण्याला कटिग्रह म्हटले, आणि मांडीपासून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेला गृध्रसी हे नाव दिले. कारण त्या व्याधीने ग्रासलेला मनुष्य गिधाडासारखा लंगडत चालतो. ज्या दुखण्याला इतकी नावे आहेत, ते समाजाच्या अंगवळणी किती जुन्या काळापासून पडलेले असेल याची कल्पना सहज येते.

हे दुखणे केवळ आपल्या शिवारापुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसे कंबरदुखीने त्रस्त होती, म्हणजे साधारणपणे दर तेरा माणसांमागे एक. आणि २०५० सालापर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामावरून घरी बसविणारे याहून मोठे दुसरे कारण जगात नाही.

अशा जुनाट दुखण्याने गांजलेल्या माणसाच्या कानावर एखादे दिवशी एक नवीनच वार्ता येते. परदेशी गेलेला कोणी भाचा, शहरातील कोणी स्नेही सांगतो, की अलीकडे रुग्णाला भूल देऊन त्याची पाठ मोकळी करतात. झोपेतच मणके जागच्या जागी बसवितात. जागे झाल्यावर दुखणे गेलेले असते. वर्षानुवर्षे कण्हणाऱ्या माणसाला ही वार्ता अमृतासारखी वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु या उपचाराचे स्वरूप काय, त्याचा इतिहास काय, आणि त्याच्यामागे पुरावा किती, हे घरातल्या जाणत्या माणसांनी आधी समजून घेतले पाहिजे. त्याकरिताच हा लेखप्रपंच.

पायाळू आणि हाडवैद्य

पाठीला हात लावून, दाबून, झटका देऊन दुखणे घालविण्याची कल्पना नवी नाही. आपल्याकडे उसण भरली की घरातले वडीलधारे प्रथम पायाळू माणसाचा शोध घेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू; त्याने रुग्णाच्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत महाराष्ट्रभर होती आणि सीमेपलीकडच्या मराठी घरांतही ती गेली. गंमत अशी, की इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातही पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठ तुडवली असता कंबरदुखी बरी होते, अशीच श्रद्धा होती. दोन दूरदूरच्या देशांतील शेतकऱ्यांना एकच उपाय सुचावा, याचा अर्थ इतकाच, की दुखणे एकच होते आणि पाठीवर दाब पडल्यावर क्षणभर मिळणारा आराम हाही एकच होता.

पायाळूनंतर येतो हाडवैद्य. निखळलेला खांदा बसविणारा, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधणारा हा गुणी माणूस खेड्यापाड्यांतून मोठ्या मानाने राहत आला. तिरुपतीजवळच्या पुत्तूर येथील हाडवैद्यांची ख्याती तर साऱ्या दक्षिण देशात आहे, आणि आजही दूरदूरचे लोक तेथे पट्टी बांधून घेण्यास जातात. सुश्रुतानेही भग्न अस्थींच्या चिकित्सेत ओढणे, दाबणे, बांधणे या क्रियांचा विचार केला आहे, आणि ग्रीसच्या हिपॉक्रेटिसच्या परंपरेत पाठीला ताण देण्याची साधने वर्णिलेली आहेत. तात्पर्य, हाताने पाठ सुधारण्याचा प्रयत्न मनुष्यजातीइतकाच जुना म्हणावा लागेल.

शिकलेल्या डॉक्टरांनी या लोकविद्येकडे बराच काळ तुच्छतेने पाहिले. त्याला अपवाद ठरले लंडनचे विख्यात शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट. १८६७ साली त्यांनी हाडवैद्यांच्या हातून बऱ्या होणाऱ्या रुग्णांविषयी एक व्याख्यान दिले, आणि आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की या लोकांचे चांगले असेल ते शिकावे व वाईट असेल ते टाळावे. चारच वर्षांनी, १८७१ साली, डॉ. व्हार्टन हूड यांनी रिचर्ड हटन या हाडवैद्याकडून शिकलेल्या युक्त्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून उघड केल्या. पुढे अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी आणि १८९५ साली डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक अशा मणक्यांवर हाताने उपचार करण्याच्या दोन पद्धती स्थापन केल्या. सारा रोग मणक्यांतून उद्भवतो, या त्यांच्या आरंभीच्या सिद्धान्ताला विज्ञानाने मान्यता दिली नाही; पण हाताने करण्याच्या उपचारांना त्यांनी जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे.

ज्या डॉक्टरला भूल देण्याची शिक्षा झाली

हाताचा उपचार आणि भूल या दोन गोष्टी एकत्र आल्या त्याची एक कथा मोठी बोधप्रद आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हर्बर्ट बार्कर नावाचा एक हाडवैद्य अतिशय गाजला. गुडघ्यासारखे जखडलेले सांधे मोकळे करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्याजवळ वैद्यकीची पदवी नव्हती. सांधा मोकळा करताना रुग्णाला असह्य वेदना होत, म्हणून डॉ. फ्रेडरिक ॲक्सहॅम हे पदवीधर डॉक्टर त्याच्या रुग्णांना भूल देत असत. पदवी नसलेल्या माणसाला साह्य केल्याच्या आरोपावरून १९११ साली ब्रिटिश वैद्यक परिषदेने ॲक्सहॅम यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले. पुढे १९२२ साली त्याच बार्करला ‘सर’ हा किताब मिळाला. ॲक्सहॅम यांचे नाव मात्र पुन्हा नोंदले गेले नाही. १९२६ साली ते तसेच वारले. त्यानंतर १९३६ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात अस्थिशल्यवैद्यांच्या समुदायापुढे वृद्ध बार्करने आपले कसब दाखविले, आणि ते त्यांनी आदराने पाहिले.

या कथेत अन्याय कोणावर झाला हे वाचकांस सांगावयास नको. परंतु परिषदेच्या कठोरपणातही एक सत्य दडलेले होते. भूल देणे हे सामान्य काम नव्हे. जो मनुष्य शुद्धीत नाही, तो आपले रक्षण करू शकत नाही. म्हणून त्याच्या शरीराला हात लावणाऱ्यावर आणि त्याला निद्रेत पाठविणाऱ्यावर दुहेरी दायित्व येते. ही गोष्ट आपल्या हैदराबाद संस्थानाने गंभीरपणे विचारात घेतली होती, हे आज किती जणांना स्मरते?

हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

१८४७ साली एडिंबरो येथे डॉ. जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला, आणि शल्यक्रियेतील किंकाळ्या थांबल्या. परंतु लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडातील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शल्यक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला : हे औषध माणसाला कशाने मारते? श्वास आधी थांबतो, की हृदय?

त्या काळी हैदराबादच्या वैद्यक शाळेचे प्रमुख व रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डॉ. एडवर्ड लॉरी हे होते. श्वासाकडे नीट लक्ष ठेवले तर हृदयाची चिंता नको, असा त्यांचा ठाम विश्वास होता. आपले मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन भरविले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले व लंडनहून तज्ज्ञ पाठवावा अशी विनंती केली. त्याप्रमाणे डॉ. लॉडर ब्रंटन १८८९ साली हैदराबादेस आले, आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन दुसऱ्या कमिशनने लॉरी यांचाच पक्ष उचलून धरला. संस्थानाच्या खजिन्यातून वैद्यकीय संशोधनासाठी असा पैसा खर्च होणे, ही त्या काळी जगात दुर्मीळ गोष्ट होती. याच हैदराबादच्या वैद्यक शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या पारशी विदुषी जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात.

तरीही कमिशनचा निष्कर्ष पुरा खरा ठरला नाही. १९११ साली, म्हणजे ज्या वर्षी ॲक्सहॅम यांना दंड झाला त्याच वर्षी, डॉ. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की अर्धवट क्लोरोफॉर्मच्या अंमलात शरीरातील ॲड्रेनॅलिनने हृदयाची लय बिघडू शकते, आणि श्वास चालू असताही हृदय एकाएकी बंद पडू शकते. हैदराबादच्या प्रयोगांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याची शिस्त त्यांनी दृढ केली. पण या इतिहासातून एक धडा घेण्यासारखा आहे. मोठमोठ्या विद्वानांनी मन:पूर्वक ठरविलेली गोष्टही प्रयोगाच्या पुढच्या कसोटीवर टिकली नाही. मग केवळ कोणी सांगितले म्हणून एखाद्या उपचारावर आपण विश्वास ठेवावा काय?

भूल देऊन पाठ मोकळी करतात म्हणजे काय

आता मूळ विषयाकडे वळू. कंबरदुखीच्या रुग्णाला भूल देऊन पाठ हाताने मोकळी करण्याचे काम इंग्लंड-अमेरिकेतील काही डॉक्टर गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून करीत होते. अमेरिकेत आजही काही कायरोप्रॅक्टर आणि ऑस्टिओपॅथिक डॉक्टर ते करतात. तेथे आता क्लोरोफॉर्म नाही. शिरेतून प्रोपोफॉलसारखे अल्पकाळ टिकणारे औषध देऊन भूलतज्ज्ञ रुग्णाला निद्रेत नेतो. मग उपचार करणारा आपल्या साहाय्यकाच्या मदतीने त्याचे पाय पोटाकडे दुमडतो, कंबर पिळतो, मान व पाठ ताणतो आणि सांध्यांना नेमके झटके देतो. हे काम काही मिनिटांतच आटोपते. पुष्कळदा लागोपाठ तीन दिवस हाच क्रम चालतो, आणि त्यानंतर काही आठवडे व्यायाम करावयाचा असतो.

यामागची विचारसरणी अशी. पाठ दुखत असली की भोवतीचे स्नायू तिला सांभाळण्यासाठी आवळून धरतात. जागेपणी हात लावताच ते अधिकच ताठरतात आणि उपचार करणाऱ्याला सांध्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. भुलेत हे स्नायू सैल पडतात. मग थोड्या जोराने सांधे हलतात, आणि आत धरलेले तंतूंचे चिकटे सुटतात, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. यातील पहिला भाग खरा आहे; भुलेत स्नायू सैल पडतात यात शंका नाही. पण पाठीच्या सांध्यांत असे चिकटे असतात, तेच दुखण्याचे कारण असते, आणि झटक्याने ते सुटून पुन्हा जुळत नाहीत, हे नि:संशय कोणी दाखवून दिलेले नाही.

येथे खांद्याशी तुलना करण्याचा मोह होतो. मधुमेही माणसाचा खांदा जखडतो तेव्हा, किंवा गुडघा बदलल्यावर तो ताठर राहतो तेव्हा, अस्थिरोगतज्ज्ञ भूल देऊन तो सांधा मोकळा करतात, आणि तो मान्यताप्राप्त उपचार आहे. पण खांदा हा एकच उघडा सांधा. त्याचे जखडणे हाताला मोजता येते. पाठीत मात्र मणक्यामागे मणका, चकतीमागे चकती, आणि त्यांच्या पोटातून जाणारे मज्जातंतू असतात. एका ठिकाणी जे शहाणपणाचे ठरते, ते दुसऱ्या ठिकाणी तसेच ठरेल असे नाही.

सेंट टॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरिॲक्स हे हाताच्या उपचाराचे मोठे पुरस्कर्ते होते. आयुष्यभर त्यांनी डॉक्टरांना ही विद्या शिकविली. पण पाठीचा उपचार रुग्णाला जागे ठेवूनच करावा, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक झटक्यानंतर रुग्णाला विचारावयाचे : कळ कमी झाली की वाढली? पायात उतरली की वर सरकली? त्याच्या उत्तरावरून पुढचे पाऊल टाकावयाचे, किंवा थांबावयाचे. निद्रिस्त रुग्ण हे सांगू शकत नाही. वेदना ही शत्रू वाटते खरी, पण उपचाराच्या वेळी तीच रुग्णाच्या देहाची राखण करीत असते. भुलेने ती राखण दूर होते.

पुरावा काय सांगतो

साध्या, जागेपणी केलेल्या मणक्यांच्या हस्तोपचाराविषयी आज बराच अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असे आढळले, की असा उपचार आणि व्यायाम यांनी तीन महिन्यांत मध्यम स्वरूपाचा लाभ होतो, आणि वर्षभरानंतर तो अल्प उरतो. २०१९ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या बरोबरीचा ठरला. त्यांच्याहून वरचढ नव्हे. म्हणजे हाताचा उपचार निरुपयोगी नाही, पण तो चमत्कारही नाही.

भूल देऊन केलेल्या उपचाराचा पुरावा मात्र फारच तोकडा आहे. २००८ साली पाठीच्या विकारांवरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या पद्धतीचा आढावा आला, आणि तिच्या बाजूने चांगल्या प्रतीचे प्रयोग फारसे नाहीत असाच निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्या पाठीसाठीचा हा उपचार अद्याप प्रायोगिक मानतात व त्याचा खर्च देत नाहीत. ज्या देशात हा उपचार सर्वांत जास्त होतो, तेथेच ही स्थिती आहे, हे ध्यानात ठेवावे.

‘कट्’ असा आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, हीही एक समजूतच होय. सांध्यातील द्रवाच्या दाबात एकाएकी बदल होऊन तेथे पोकळी उत्पन्न होते, त्याचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. तसेच ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य आज प्रत्येक गावात ऐकू येते. चित्रात चकती झिजलेली दिसली की माणूस स्वत:ला मोडका समजू लागतो, जड काम सोडतो, आणि कसलाही उपाय करून घेण्यास तयार होतो. वस्तुत: ज्यांना काडीमात्र दुखत नाही अशा लोकांच्या चित्रांचा २०१५ साली आढावा घेतला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तसेच हे वयाचे लक्षण. बहुतेक, म्हणजे सुमारे नव्वद टक्के, कंबरदुखीत दुखण्याचे एकच एक नेमके कारण दाखविता येत नाही. आणि सरकलेलेच काही नसेल, तर झटक्याने बसवायचे काय?

जेथे हात लावू नये

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ती प्रत्येक घरातील जाणत्या स्त्रीपुरुषांनी लक्षपूर्वक वाचावी, अशी आमची विनंती आहे.

आपल्या देशात पाठदुखीच्या पोटात कधीकधी क्षयरोग लपलेला असतो. क्षय केवळ फुफ्फुसाचाच होतो हा गैरसमज आहे. तो मणक्यालाही होतो. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले. या रोगात मणका आतून पोखरला जातो आणि शेवटी ढासळतो. अशा पाठीला जोराचा झटका दिला, मग तो हाडवैद्याने देवो की शिकलेल्याने, तर मज्जारज्जू दबून रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. हाच रोग वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो, आणि ती औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. एकच दुखणे, एका वाटेने गेले तर बरे होणारे, दुसऱ्या वाटेने गेले तर जन्माचे अपंगत्व देणारे.

वृद्ध स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. किरकोळ पडण्यानेही त्यांचा मणका चेपतो. अशा आजीबाईंच्या पाठीवर नातवंडांनी उभे राहावे, किंवा कोणी तिला पिळावे, हे कधीही होऊ देऊ नये. आणि चकती मोठ्या प्रमाणात बाहेर येऊन पाठीच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्याला दाबू लागली, तर लघवी-शौचावरील ताबा जातो. झटक्याच्या उपचारानंतर असे झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती विरळा असली, तरी त्यांत भूल देऊन उपचार केलेल्या रुग्णांचाही समावेश आहे, हे विसरता येत नाही.

म्हणून पुढील लक्षणांपैकी एक जरी असले, तरी पाठीला कोणाचाही हात लागण्यापूर्वी रुग्णाला थेट डॉक्टरकडे न्यावे. पाठदुखीबरोबर सायंकाळचा बारीक ताप, घाम, भूक मंदावणे व वजन घटणे. रात्री विसाव्यातही न थांबणारी कळ. पूर्वी क्षय किंवा कर्करोग झालेला असणे. पाठीवर उंचवटा दिसणे. म्हातारपणी पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. दीर्घकाळ स्टिरॉइडची औषधे घेतलेली असणे. आणि पाय लुळा पडणे, बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे ही लक्षणे असतील, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. कारण तेथे तासांचा हिशेब असतो. आदिलाबाद येथे २००८ सालापासून ‘रिम्स’ हे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. बाजारहत्नूर, इचोडा, बोथ या बाजूच्या लोकांना ते जवळचे होय.

मग उपाय तो कोणता

निराश होण्याचे मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी प्रथमच मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दुखण्याची नीट समजूत रुग्णाला देणे, नियमित व्यायाम, मन सावरण्यास साह्य करणारे उपचार, आणि जरुरीपुरती दाहशामक औषधे यांची शिफारस आहे. जागेपणी केलेला हस्तोपचार आणि मालिश यांनाही त्यांत स्थान आहे. उलट, सरसकट कंबरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांची शिफारस संघटनेने केलेली नाही. किती घरांत असे पट्टे खुंटीला लटकत असतील!

चालण्याचे महत्त्व तर आता प्रयोगानेच सिद्ध झाले आहे. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालण्याचा परिपाठ ठेवला, त्यांच्यात दुखणे परतण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. इतरांत ते ११२ दिवसांतच परतले. या औषधाला ना दुकान लागते, ना भूल.

यावर कोणी म्हणेल, आमची माणसे शेतात दिवसभर चालतातच. मग त्यांची कंबर का दुखते? हा प्रश्न रास्त आहे. शेतातील श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात एकाच तऱ्हेने वाकणे तासन्‌तास चालते. म्हणून वेचणी करताना दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून पाठ मागे ताणावी, एकच मोठे गाठोडे नेण्याऐवजी दोन लहान न्यावीत, फवारणीचा पंप पूर्ण न भरता दोनदा भरावा, आणि तो उचलताना गुडघ्यांत वाकून दोघांनी मिळून पाठीवर चढवावा. दुखणे ताजे असता एक-दोन दिवसांहून अधिक अंथरूण धरू नये. या साध्या गोष्टींनी दुखणे समूळ जाईल असे नाही, पण पुष्कळसे आटोक्यात राहील. घरातील कर्त्या पुरुषाला विसावा देण्याची आपल्याकडे रीत आहे. वेचणीहून आल्यावर लगेच चुलीपाशी आणि हापशावर पुन्हा वाकणाऱ्या गृहिणीच्या कंबरेचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. तोही व्हावा.

सही करण्यापूर्वी

इतके जाणूनही कोणाला भूल देऊन उपचार करून घ्यावासा वाटला, तर तो त्याचा अधिकार आहे. पण त्याने चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या दुखण्याचे नेमके निदान काय, आणि क्षय, अस्थिभंग किंवा गाठ नाही याची खात्री केली आहे काय? भूल देणारा स्वतंत्र, पदवीधर भूलतज्ज्ञ असेल काय? जागेपणीचा हस्तोपचार आणि दोन-तीन महिन्यांचा व्यायाम आधी पुरता करून पाहिला आहे काय? आणि गुण आला नाही, किंवा अपाय झाला, तर पुढे काय?

सीमेपलीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट, राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, आणि आदिलाबादकडची मराठी घरे आंध्रात राहिली. २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी अशी आपली त्रिस्थळी यात्रा असते. पुढे केलेल्या संमतिपत्रावर पुष्कळ जण न वाचताच सही करतात किंवा अंगठा उठवितात. असे करू नये. आपल्याला समजेल त्या भाषेत डॉक्टरांकडून सारे ऐकून घ्यावे. तेलुगू किंवा इंग्रजी जाणणारा घरातला मुलगा वा मुलगी जवळ ठेवावी. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका महिलेच्या खटल्यात स्पष्ट निर्णय दिला आहे. तिने केवळ तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलेच्या अंमलाखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शल्यक्रिया करण्यात आली. ही संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. सज्ञान रुग्णाची संमती त्याला पुरेशी माहिती देऊन, त्याच्याचकडून घेतली पाहिजे, आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने घालून दिले. जीवावरचे संकट असेल तेवढाच काय तो अपवाद; जुनी कंबरदुखी हे तसे संकट नव्हे. म्हणून विचार करण्यास वेळ मागण्यात संकोच मानू नये.

पायाळूच्या पावलापासून प्रोपोफॉलच्या सुईपर्यंत माणसाने पाठीसाठी पुष्कळ उपाय शोधले, आणि प्रत्येक उपायाने कोणाला ना कोणाला बरे वाटले. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर ओळखण्यासाठीच प्रयोग, निदान आणि संमती या गोष्टी निर्माण झाल्या आहेत. यंदाच्या वेचणीत आपल्या घरातील कोणाची कंबर धरली, तर प्रथम वर सांगितलेली धोक्याची लक्षणे पडताळून पाहावीत. ती नसतील तर धीर द्यावा, दोन दिवसांनी हळूहळू चालते करावे, आणि असतील तर कोणाच्याही हाती पाठ देण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. एवढे प्रत्येक घराने सांभाळले, तरी कित्येकांचे पाय वाचतील.